शिक्षेचे माप आणि न्यायाधीशाचा विवेक

गोदावरीकाठचे बासर हे सरस्वतीचे क्षेत्र पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते तेलंगणातील निर्मल जिल्ह्यात आहे. समजा, तेथील यात्रेच्या गर्दीत १९ वर्षांच्या एका मुलाने कोणाचे ८०० रुपये चोरले आणि पूर्वी शिक्षा भोगलेल्या एका खिसेकापूनेही तेवढेच लांबविले. गुन्हा एकच, पण दोघांना एकाच मापाची शिक्षा देणे न्याय्य ठरेल काय?

नवी तरतूद

या बाबतीत तेलंगणा व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत कायदा एकच आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनुसार, चोरीचा माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल आणि प्रथमच दोषी ठरलेल्याने तो माल वा त्याचे मूल्य परत केले, तर त्यास समाजसेवेची शिक्षा होते. ही सेवा विनावेतन असते. तिचे स्वरूप व कालावधी संहितेने ठरवून दिलेला नाही. तो निर्णय न्यायालयाचा. पुन्हा दोषी ठरणाऱ्यास मात्र किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे.

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ अन्वये अनेक गुन्ह्यांत चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार न्यायालयास आहे. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात २१ वर्षांखालील व्यक्तीस कारावास द्यावयाचा झाल्यास त्याची कारणे नोंदवावी लागतात.

सक्तीची शिक्षा

जन्मठेप भोगत असताना खून करणाऱ्यास फाशीच देण्याची सक्ती करणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये घटनाबाह्य ठरविले. गुन्ह्याची परिस्थिती न पाहता दिलेली शिक्षा न्याय्य असू शकत नाही, हे त्यामागील तत्त्व होते. अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत पुन्हा दोषी ठरणाऱ्यास फाशीची सक्ती होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ऐच्छिक मानली. २०१४ मध्ये संसदेनेही कायद्यात तसा बदल केला.

विवेकाची मर्यादा

विवेक म्हणजे लहर नव्हे. एकाला सौम्य व दुसऱ्याला कठोर शिक्षा झाली, तर लोकांना त्याचे कारण समजले पाहिजे. म्हणूनच निकालपत्रात कारणे असतात आणि वरिष्ठ न्यायालयात दाद मागता येते. गंभीर गुन्ह्यांत दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षा ठरविण्यापूर्वी, आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद आहे. वय, पूर्वेतिहास, कुटुंबाची स्थिती व केलेली भरपाई ही माहिती पुराव्यासह त्याच वेळी मांडावयाची असते. ती मांडलीच नाही, तर न्यायाधीशाच्या हाती केवळ गुन्हा उरतो, माणूस उरत नाही. ग्रामसेवक व शिक्षकांनी ही गोष्ट गावोगावी समजावून सांगणे अगत्याचे आहे.