टेबलावरच्या चार बरण्या

नोकरीनिमित्त मी तीन वर्षं बँकॉकला राहिले. गल्लीला तिथं 'सोय' म्हणतात. आमच्या सोयच्या तोंडाशी एका बाईंची नूडल्सची गाडी होती. काचेच्या कपाटात जाड-बारीक शेवयांचे ढीग, शेजारी उकळतं पातेलं, फुटपाथवर चार घडीची टेबलं आणि प्लास्टिकची स्टुलं. आठवड्यातून चारदा तरी मी तिथं जेवले असेन. त्या स्टुलावर बसून जे शिकले, ते हे.

१. आधी शेवई सांगायची. रस्सा, मांस, भाजी नंतर. सूपातल्या नूडल्सना 'क्वायतियाव' म्हणतात, हा शब्द चिनी स्थलांतरितांबरोबर आला. तांदळाच्या शेवयांत 'सेन मी' सर्वात बारीक, 'सेन लेक' अरुंद पट्टीसारखी, 'सेन याय' दोन बोटं रुंद. 'बामी' अंड्याची, पिवळी. 'वुन सेन' मुगाच्या सत्त्वाची, काचेसारखी पारदर्शक. मग 'नाम' म्हणजे रश्शातली की 'हॅंग' म्हणजे कोरडी, हे सांगायचं. एवढे सात शब्द पाठ झाले आणि माझं बोट दाखवणं संपलं. बाई दांड्याच्या जाळीत शेवई घालून उकळत्या पाण्यात बुडवत, दोनदा झटकत, वाडग्यात ओतून तळलेल्या लसणाचं तेल घालत. त्या तेलानं शेवया चिकटत नाहीत, आणि वास गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

२. भूक जास्त असेल तर 'फिसेत' म्हणायचं, नेहमीचा वाडगा हवा तर 'थम्मदा'. फिसेत म्हणजे आपलं 'विशेष', थम्मदा म्हणजे 'धर्मता', जे स्वभावतः असतं ते, साधं. एका थाई सहकाऱ्यानं हे उलगडून सांगितलं त्या दिवशी शहराचा परकेपणा बराच कमी झाला. गाडीवरच्या बाईंना सगळे 'पा' म्हणत, म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. मीही म्हणू लागले. अनोळखी भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

३. चाखल्याशिवाय बरण्यांना हात लावायचा नाही. हा धडा मला सर्वात मोलाचा वाटतो. प्रत्येक टेबलावर एका तबकात चार बरण्या असतात : साखर, नामप्ला म्हणजे माशांचं खारवलेलं पाणी, भाजलेल्या सुक्या मिरचीची पूड, आणि मिरचीच्या चकत्या घातलेला व्हिनेगर. पहिल्या आठवड्यात वाडगा समोर येताच मी तिखट ओतलं. पा जवळ आल्या, चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "छिम कोन." आधी चाख. मी चाखलं. रस्सा मुद्दाम सौम्य ठेवलेला होता. वाडगा अर्धवट नव्हता, पण शेवटचा निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला होता.

मला साखरेचं आश्चर्य वाटलं होतं. नूडल्सच्या सूपात साखर? पण चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला ते पटायला एक चमचा पुरला. गोडानं आंबटाची धार बोथट होते आणि तिखटाला बसायला जागा मिळते. मी आंबटापासून सुरुवात करते, मग खारट, मग चिमूटभर साखर, तिखट शेवटी. माझ्या शेजारी रोज बसणारे एक टॅक्सीचालक साखरेचे दोन भरलेले चमचे आधीच घालत. त्यांचा वाडगा त्यांच्या चवीचा, माझा माझ्या. पांनी दोघांनाही एकाच पातेल्यातून वाढलेलं असे.

४. जे खायचं नाही ते संकोच न करता सांगायचं. 'माय किन नुआ', मी बीफ खात नाही. परदेशात हे म्हणताना आपण अडचण करतोय असं वाटतं. तिथं मात्र कुआन इम या करुणेच्या देवीला मानणारे कितीतरी थाई लोकही गोमांस वर्ज्य करतात. पा नुसती मान डोलवत आणि वेगळी जाळी घेत.

५. होडीतल्या नूडल्स एकदा तरी खाव्यात, पण विचारून. 'क्वायतियाव रुआ' म्हणजे होडीवरच्या नूडल्स. बँकॉक कालव्यांचं शहर होतं तेव्हा विक्रेता एकटाच वल्हवायचा, शेवया उकळायचा, पैसे घ्यायचा. होडीत हिंदकळू नये म्हणून वाडगे लहान ठेवले, असं सांगतात. आता ही दुकानं जमिनीवर आली आहेत, पण विजय स्मारकाजवळ अजूनही दोन-चार घासांचे वाडगे मिळतात आणि शेवटी रिकाम्या वाडग्यांची चळत मोजून पैसे घेतात. रस्सा काळसर, दालचिनी-चक्रीफुलाच्या वासाचा. 'नाम तोक' म्हटलं की त्यात रक्त घालतात. शब्दाचा अर्थ धबधबा, म्हणून मी पहिल्यांदा निर्धास्त होते. कळल्यावर मी ते खाल्लं नाही. नुसत्या 'नाम साय'चा, म्हणजे साफ रश्शाचा, वाडगा मागितला आणि तो फार आवडला.

६. भात काटा-चमच्यानं, सूपातल्या नूडल्स चॉपस्टिक्स आणि चमच्यानं. चॉपस्टिक्सनी उचलायचं, चमच्यात टेकवायचं, मग तोंडात.

७. शाकाहारी माणसाला पिवळं निशाण शोधायला सांगायचं. त्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं असतं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, बहुधा आपल्या नवरात्राच्या आसपासच, शहरभर ही निशाणं लागतात. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही.

माझी आई त्याच दिवसांत आली होती. चातुर्मास पाळणारी, घरून आठ दिवसांचा फराळ बांधून आणलेली. पांच्या गाडीवर पिवळं निशाण होतं, लसणाच्या तेलाची किटली आत ठेवलेली होती आणि नामप्लाच्या जागी सोया सॉस आला होता. अळिंबी, टोफू आणि सेन लेकचा वाडगा आईपुढे आला. तिनं आधी वाडग्याकडे पाहिलंच नाही. ती तबकाकडे पाहत होती.

"अगं, यांनी डावी बाजू आधीच मांडलीय," ती म्हणाली.

मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. तीन वर्षं त्या बरण्यांसमोर बसून मला हे सुचलं नव्हतं. आईनं चमचाभर रस्सा चाखला, थोडा व्हिनेगर घातला, पुन्हा चाखला, मग साखरेची बरणी ओढून घेतली. पा गाडीमागून पाहत होत्या. या वेळी त्या काही म्हणाल्या नाहीत.