आधी कॅलेंडर उतरव

कॅमेरा तू चांगलाच घेतलास, बाळा, लेन्सही बरी निवडलीस. आता ते दोन्ही बाजूला ठेव आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घे. उगवती-मावळतीचे फोटो काढणाऱ्याचं निम्मं काम घरात बसून होतं. ते केलेलं नसलं की टेकडीवर पोचल्यावर नुसती धावपळ होते.

सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपासच. पुण्यात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो पूर्वेपासून साधारण 25 अंश उत्तरेला सरकलेला असतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. हात ताठ समोर धरून मूठ वळलीस की क्षितिजावरचे सुमारे दहा अंश झाकले जातात. म्हणजे सहा महिन्यांत सूर्य पाच मुठी जागा बदलतो, आणि मावळतीलाही तेच. सिंहगडावर पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिलास तर डिसेंबरात तो तोरण्याच्या अंगाला उतरताना दिसेल, मार्चमध्ये पानशेतच्या बाजूला. तोरण्याची कड आणि सूर्याचा गोळा एकाच चौकटीत हवे असतील तर नाताळच्या सुट्टीत जा. मे महिन्यात कितीही वेळा गड चढलास तरी ते चित्र मिळायचं नाही. म्हणून आधी एकच जागा धर. तुला वेताळ टेकडी जवळ आहे. तिथून सूर्य कुठल्या महिन्यात कुठल्या इमारतीमागून वर येतो ते वहीत लिहून ठेव. दहा गडांवर एकेकदा जाण्यापेक्षा एका टेकडीचं वर्ष पाहिलेलं मला जास्त मोलाचं वाटतं.

कॅलेंडरात मुंबईची वेळ छापलेली असेल तर पुण्यात चार मिनिटं आधी धर. शिवाय समोर डोंगर असला की सूर्य छापील वेळेच्या आधीच मावळतो, हे विसरू नकोस. परदेशी पुस्तकांतून एक हिशेब सगळीकडे फिरतो: हात लांब करून बोटं आडवी धरायची, सूर्य आणि क्षितिज यांच्यात जितकी बोटं मावतील तितकी पंधरा-पंधरा मिनिटं उरली. तिकडे सूर्य तिरका उतरतो म्हणून ते जमतं. आपल्याकडे तो जवळजवळ उभाच खाली येतो. एका बोटाला आठेक मिनिटं धर, चार बोटांना अर्धा तास. खालची कड टेकल्यापासून अख्खं बिंब बुडायला सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात आणि पुढच्या वीस-बावीस मिनिटांत कामाचा उजेड संपतो. तेव्हा ट्रायपॉड लावणं, चौकट ठरवणं, क्षितिज सरळ करणं हे सगळं दोन बोटं उरली असतानाच झालेलं पाहिजे. मात्र बोटं मोजताना बिंबाकडे टक लावून पाहू नकोस. लांब पल्ल्याची लेन्स लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे तर अजिबात बघायचं नाही, डोळा जाईल.

बिंब बुडालं की माणसं पाठ फिरवून निघतात. तू थांब. उंचावर पातळ ढग असले तर खरा रंग त्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांनी चढतो. आणि एकदा मागे वळून पूर्वेला बघ. क्षितिजालगत निळसर-करडा पट्टा वर सरकत असतो आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी. ती पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. पहाटे हेच पश्चिमेला दिसतं. कोकणात त्याचा फार उपयोग होतो, कारण आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवत नाही, पाठीमागच्या डोंगरावरून उशिरा येतो. पुण्याहून रात्री ताम्हिणी उतरून हरिहरेश्वर गाठणारी मुलं सकाळी हिरमुसतात ती यामुळेच. त्यांनी सूर्य उगवायच्या आधी समुद्राकडेच तोंड करून उभं राहावं. पाणी करडं, वर निळा पट्टा, त्याच्यावर गुलाबी, आणि कुठेही डोळ्यांवर येणारा उजेड नाही.

समुद्राचं खरं गणित तिथीचं. किनाऱ्यावरची जुनी माणसं सांगतात तोच मंत्र मी तुला देते: तिथीची पाऊणपट कर, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी नऊला. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा-अमावस्येला पंधराचे सव्वाअकरा होतात, म्हणजे ओहोटी सव्वापाचला. किनाऱ्यागणिक अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, म्हणून तिथल्या कोळ्यांना विचारून वेळ पक्की कर. आता हे मावळतीला लावून बघ. पौर्णिमा-अमावस्येपासून तृतीयेपर्यंत संध्याकाळी पाणी दूर ओसरलेलं किंवा ओसरत असतं. मागे राहिलेली ओली वाळू आरशासारखी चमकते आणि आकाशाचा सगळा रंग खाली उतरतो. हर्णैला सुवर्णदुर्ग पाण्यात उभा आहे, त्याच्यासाठी हेच दिवस निवड. अष्टमीच्या आसपास गेलास तर संध्याकाळी भरती असते, वाळू पाण्याखाली जाते, मग खडकांवर फुटणाऱ्या लाटा काढायच्या. शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवलंस तर परतणाऱ्या पाण्याच्या रेघा येतात. दहा-वीस सेकंद उघडं ठेवून समुद्राचा धूर करायची फॅशन आहे, मला ती आवडत नाही. लाट लाटेसारखी दिसली पाहिजे.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर मात्र ओहोटीतच उतर, स्थानिकांना विचारून, आणि पाणी वळायच्या आत वर ये. तिथे लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत. समुद्राकडे पाठ करून ट्रायपॉडशी खेळत बसू नकोस.

बाकी तंत्र थोडक्यात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, डेलाइटवर ठेव, नाहीतर कॅमेरा संध्याकाळचा केशरी रंग दुरुस्त करून टाकतो. रॉ फाइल ठेव, एक्स्पोजर आकाशाच्या उजळ भागावर बेतून घे. आपला काळा कातळ उजेड पिऊन टाकतो. तो मागून उजेड असताना काढशील तर नुसता डाग दिसेल. सूर्य वर आल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं, आडवं ऊन घडीघडीवर पडतं तेव्हा काढ. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून बॅग बंद ठेवूनच अर्धा तास आधी बाहेर आण. परत आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धू, सांध्यांतली वाळू काढ.

समुद्र लांब पडतो, पण माळरान तुझ्या दाराशी आहे. दिवे घाट चढून सासवड, पुढे सुप्याकडे. पर्जन्यछायेचा हा मुलूख पोस्टकार्डांवर येत नाही म्हणून लोकांना तो ओसाड वाटतो, आणि ओसाड म्हणून तिथे कोणी काहीही टाकतं, याचा मला मनापासून राग येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत पिकतं. गुडघ्यावर बस, सूर्य एखाद्या हिवराच्या खोडाआड लपव, आणि गवताकडे उजेडाच्या विरुद्ध बघ. कुसळाचा प्रत्येक केस वेगळा पेटलेला दिसेल. मे महिन्यात वळवाची सर येऊन गेली की धूळ बसते, पश्चिमेला फट राहिली तर ढगांचं पोट खालून उजळतं. ती संध्याकाळ सोडू नकोस. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांचं आहे, तिथल्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून पहाटेसाठी बाहेरच्या रस्त्याकडेचा माळ बरा. गाडी वाटेवरून खाली घालायची नाही. टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात आणि ती चाकाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

संध्याकाळी धनगरांचे कळप परततात, धुळीत ऊन अडकतं आणि सगळं सोनेरी होतं. कळपाच्या वाटेत उभा राहू नकोस, मेंढरं बिथरतात. आधी रामराम कर, बसून दोन शब्द बोल, मग विचार. नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत घाल. हो म्हणाले तर पुढच्या खेपेला फोटोची छापील प्रत घेऊन जा. त्यांचा वाडा, म्हणजे तळ, हलला असेल तर गावात चौकशी कर, कुठल्या शिवारात बसलाय ते कोणीतरी सांगतंच.