भरायचा नट आधी

मलकापूर

चि. भाचेराव यांस,


ताईचा फोन आला तेव्हा कळलं, की मेहकरला तुझ्या गॅरेजात दोन दिवसांपासून एक ऑटोमॅटिक पिकअप उभी आहे आणि तू तिला हात लावायला तयार नाहीस. गाडी दोन लाख किलोमीटर चाललेली, गिअरचं तेल एकदाही न बदललेलं. त्यात कुणीतरी तुझ्या कानात घातलं, की जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो. फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून लिहितो. हा कागद बाकड्यापाशी टाचून ठेव. तेलाचे डाग पडले तरी चालतील.

मामाचं आयुष्य क्लच दाबायच्या ट्रकांखाली गेलं, त्याला ऑटोमॅटिकचं काय कळतं, असं तुझ्या मनात येईल. पण समृद्धी महामार्ग झाल्यापासून बिनक्लचच्या गाड्या आपल्याकडेही अडायला लागल्या, आणि म्हातारपणी मला त्या शिकाव्या लागल्या.

आधी ती भीती. ऑटोमॅटिकच्या पोटात क्लच प्लेटा तेलातच बुडालेल्या असतात. तेच तेल दाब देतं, वंगण करतं आणि उष्णता वाहून नेतं. वर्षानुवर्षं तापून ते काळं पडतं, तरी गाडी चालते म्हणून मालक गप्प असतो. गिअर घसरायला लागला की मग तेल बदलायला धावतो. आठ दिवसांनी गिअरची पेटी बसते आणि नाव नव्या तेलाचं होतं. माणूस शेवटच्या घटकेला दवाखान्यात नेला, तर सलाईनने मेला म्हणायचं का?

म्हणून पाना हातात घेण्याआधी मालकाला शेजारी बसवून लोणारच्या रस्त्याला एक चक्कर मार. गिअर टाकल्यावर गाडी लगेच पकडते का, बदलताना झटका देते का, चढावर इंजिन नुसतं ओरडतं का, ते बघ आणि वहीत लिही. गिअर आत्ताच घसरत असेल तर स्पष्ट सांग, ‘तेल हे औषध नाही, पेटी उघडावी लागेल.’ गाडी सुरळीत असेल तर बिनधास्त बदल. जे सांगायचं ते कामाआधी सांग. कामानंतर सांगितलेलं खरंही सबबीसारखं ऐकू येतं.

आता मुख्य गोष्ट. खालचा नट काढण्याआधी भरायचा नट सोडवून बघ. हे मला एका ट्रकने शिकवलं. खामगावहून कापसाच्या गाठी भरून आलेली गाडी, गिअर ऑईल बदलायचं होतं. मी घाईत खालचा नट काढला, तेल धो धो रिकामं केलं, आणि मग बघतो तर भरायचा नट गंजून बसलेला. पान्याने त्याचे कोपरेच गोल झाले. भरलेली गाडी, कोरडा गिअरबॉक्स आणि मालक समोर उभा! रात्रभर नट तापवत बसलो. तेव्हापासून काहीही रिकामं करायच्या आधी ते परत भरता येईल का, हे पाहतो.

गाडी लोखंडी घोड्यांवर सरळ, समपातळीत घे. तेल कोमट असू दे, उकळतं नको, हात भाजेल. निघालेलं तेल लिटरच्या मापात मोज, कारण जेवढं निघालं तेवढंच आत घालून सुरुवात करायची आहे. चेंबर उतरवल्यावर आतले चुंबक बघ. त्यांवर करड्या रंगाचा मऊ लेप असणं हे वयाचं लक्षण आहे. चमकणारे धातूचे तुकडे किंवा जळक्या वासाची काळी भुकटी दिसली, तर तिथेच थांब आणि मालकाला बोलावून दाखव.

जुना फिल्टर काढलास की त्याची रबरी रिंग वर भोकातच अडकून राहिली नाही ना, हे बोट घालून तपास. एकावर दुसरी रिंग बसली की पंप हवा ओढतो, आणि चांगली पेटी आठवड्यात ओरडायला लागते. चेंबरचे बोल्ट बारीक असतात. ते टॉर्क पान्याने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळ. ट्रकच्या चाकावर लावतोस तसा जोर इथे लावलास तर पत्रा वाकेल आणि पॅकिंगमधून गळती लागेल.

तेलाबाबत सर्वांत जास्त सावध राहा. तुझ्या कोपऱ्यात ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल आहे, आणि या पेटीचं तेलही लालच. पण लाल हा नुसता रंग आहे, गळती ओळखता यावी म्हणून घातलेला. खरी करामत आतल्या रसायनाची, कारण प्लेटांनी किती घसरायचं आणि किती पकडायचं ते तेच ठरवतं. अमेरिकेत सुरुवातीच्या तेलांत त्यासाठी देवमाशाचं तेल घालत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला देवमासा वाचवण्यासाठी त्यावर बंदी आली आणि कंपन्यांना नवी रसायनं शोधावी लागली. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत तेलाचा जो नंबर आहे, तोच डबा आण.

एकदा रिकामं केल्याने सगळं तेल निघत नाही. निम्म्याहून जास्त टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. मशीनच्या दाबाने धुऊन काढायचा मोह या वयाच्या गाडीला टाळ. काही दिवस चालवून पुन्हा बदल, मग तिसऱ्यांदा. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला. अशा बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते, तेव्हा तापमान बघायला स्कॅनर लाव, अंदाज नको.

गाडी परत देताना मालकाला दोन गोष्टी बजाव. राजूर घाट किंवा बोथा घाट उतरताना न्यूट्रल करायचं नाही, खालचा गिअर धरायचा. आणि बंद पडली तर दोर बांधून ओढायची नाही. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि मागची चाकं फिरत राहिली की पेटी कोरडी घासली जाते. अशी गाडी उचलूनच न्यायची.

निघालेलं काळं तेल नाल्यात सोडू नको. २०१६च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात साठव, परवानाधारकालाच दे. आमच्या वेळी आम्ही ते सर्रास जमिनीत ओतलं. ती चूक तुझ्या पिढीने करू नये.

काम घाईचं नाही, मालकाला तसं सांग. उद्या सकाळी गाडी घोड्यांवर घे आणि भरायच्या नटाला पाना लाव. तो सुटला तर पुढे जा. नाही सुटला, तर खालच्या नटाला हात न लावता मला फोन कर. मी दुपारच्या गाडीने येतो.

तुझा,
मामा