आवारातील पत्र्याची शेड : टिकाऊपणाची पारख

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात साठवणीसाठी स्वतंत्र जागा असणे ही आता गरज झाली आहे. पाणीपुरवठ्याचे पाइप, फावडी-घमेली, मोडके बाक, पाणी शुद्धीकरणाची टीसीएल पावडर असे नाना प्रकारचे सामान उघड्यावर ठेवणे परवडत नाही. पक्की खोली बांधण्याइतका निधी नसला की पत्र्याची शेड उभारली जाते. परंतु 'किमान दर' एवढ्याच कसोटीवर घेतलेली शेड थोड्याच पावसाळ्यांत गंजते आणि सार्वजनिक पैसा वाया जातो. म्हणूनच खरेदीपूर्वी काही बाबींची पारख करणे इष्ट ठरते.

जस्ताचा मुलामा

लोखंडी पत्र्याचे आयुष्य मुख्यतः त्यावरील जस्ताच्या मुलाम्यावर अवलंबून असते. जस्त ओल व हवेला अडवते. शिवाय पत्र्यावर चरा पडला तरी ते स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते. मुलाम्याचे प्रमाण दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त, या मापात सांगतात. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर एका बाजूस जस्ताचा थर सुमारे ८ मायक्रॉन असतो, तर २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर तो सुमारे १९ मायक्रॉन भरतो. एकाच हवामानात थर जितका जाड, तितके संरक्षण दीर्घकाळ टिकते. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत तर जाड मुलामा किंवा त्यावर रंगाचा थर दिलेला पत्रा घेणेच शहाणपणाचे होय.

पत्र्याची जाडी 'गेज'मध्ये न विचारता मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. हे ध्यानात न आल्याने अनेकांची फसगत होते.

वाऱ्याशी गाठ

दिनांक ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य छपरांचे पत्रे उडाले. याचे कारण साध्या हिशेबात सापडते. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम ४ किलोग्रॅम भरतो. उलट, ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलोग्रॅमच्या भाराएवढा असतो. छपरावर या दाबाचा बराचसा भाग पत्रा वर उचलण्याचे काम करतो. तात्पर्य, शेड स्वतःच्या वजनावर टिकत नाही. ती टिकते सांगाड्यामुळे, बोल्टांमुळे आणि पायामुळे. खांब काँक्रीटच्या पायात नीट रोवलेले असावेत. छपरावर दगड किंवा वाळूच्या गोणी ठेवणे हा उपाय नव्हे.

छपराचे बोल्ट पन्हळीच्या खोलगट भागात न मारता उंचवट्यावर, रबरी वॉशर लावून बसवावेत. खोलगट भागातून पाणी वाहते व तेथील प्रत्येक भोक गळू लागते. पावसाळी वारा बहुधा पश्चिमेकडून येत असल्याने दार शक्यतो पूर्वेस ठेवावे.

आत काय ठेवावे ?

बाहेरच्या पावसाप्रमाणे आतील सामानही पत्रा खाते. टीसीएल पावडरीतून सुटणारा क्लोरीन वायू धातू झपाट्याने गंजवतो. म्हणून ती या शेडमध्ये न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात, स्वतंत्र व हवेशीर जागी ठेवावी. रासायनिक खताच्या गोणी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचाव्यात. कीटकनाशके आणि धान्य एका छपराखाली कधीही ठेवू नयेत. रात्री थंड झालेल्या पत्र्याला आतून दव सुटते. त्यासाठी समोरासमोरच्या भिंतींत वर जाळीचे झरोके हवेत. जोते आवारात साचणाऱ्या पाण्याच्या खुणेपेक्षा उंच असावे, आणि ओला चुना वा सिमेंट पत्र्याला लागू देऊ नये, कारण त्याने जस्त झिजते.

दरपत्रकापूर्वी

दरपत्रके मागवतानाच पत्र्याची जाडी, जस्ताचे प्रमाण, सांगाड्याचे माप व पायाची खोली स्पष्ट नमूद करावी. तसे केले तरच दरांची तुलना न्याय्य ठरते. अन्यथा पातळ पत्रा नेहमीच स्वस्त दिसतो. माल आल्यावर जाडी मापून पाहावी आणि त्याची नोंद ठेवावी. पुढे दरवर्षी मे महिन्यात सैल बोल्ट आवळणे, फुटलेले वॉशर बदलणे व गंजाचे डाग घासून जस्तयुक्त रंग लावणे, एवढी निगा राखली तरी शेडचे आयुष्य वाढते. उभारणीच्या दिवशी दाखवलेली ही दक्षता पुढील अनेक पावसाळ्यांत गावाचा पैसा वाचवील, यात शंका नाही.