लावणीहून आल्यावर सुजलेल्या पायाची निगा

पावसात दिवसभर चिखलात उभं राहून आलात, पाय दगडासारखा जड झालाय ना? या, पडवीत बसा. अर्धा तास काढा, आपण एकेक पायरीने जाऊ. ही कृती जुन्या, डॉक्टरांनी एकदा तपासलेल्या सुजेसाठी आहे. सूज एकाच पायाला अचानक आली असेल आणि पोटरी ठणकत असेल, धाप लागत असेल, तोंडही सुजलं असेल किंवा पाय लाल, गरम होऊन ताप भरला असेल, तर इथेच थांबा आणि आजच्या आज डॉक्टर गाठा. धाप वाढली तर रात्रीसुद्धा १०८ ला फोन करा.

१. नडगीवर अंगठा १० सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला तर पाणी साठलंय. वर्षानुवर्षांची सूज मात्र घट्ट होते, तिथे खड्डा पडत नाही. म्हणून पाय बरा झाला असं समजू नका.

२. शिंप्याच्या टेपने घोट्याच्या हाडापासून १० सेंटिमीटर वर घेर मोजा. टेप आवळू नका.

३. घेर कॅलेंडरवर लिहा. रोज याच वेळी मोजा, कारण सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा जुळत नाही.

४. घमेलं, तांब्या, साधा साबण, पंचा आणि जुन्या सुती धोतराच्या धुतलेल्या पट्ट्या हाताशी ठेवा. एकदा पाय ओला झाला की उठायचं नाही.

५. विहिरीचं किंवा नळाचं स्वच्छ पाणी घ्या. येताना पऱ्ह्यात पाय बुचकळलात, ते धुणं धरायचं नाही.

६. पाण्यात कोपर बुडवून बघा. कोमट चालेल, थंड चालेल; कढत नको, त्याने सूज वाढते.

७. आपले हात साबणाने धुवा.

८. सूज जिथे सुरू होते तिथून खाली पाणी ओता.

९. तळहाताने साबण लावत वरून खाली या. घासणी, दगड, ब्रश काही नको. ओरखडा पडला की तिथूनच जंतू शिरतात.

१०. सुजेने पडलेल्या घड्या उघडून आतून धुवा.

११. बोटांच्या बेचक्या एकेक करून धुवा. करंगळीशेजारची हमखास राहून जाते.

१२. पाणी नितळ उतरेपर्यंत पाय खळखळून धुवा.

१३. पंचाने टिपा, चोळू नका.

१४. आता सुती पट्टी प्रत्येक बेचकीत घालून ओल टिपा. इथे घाई नको, अख्ख्या कृतीत मला हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते. पट्टी बाहेर काढून बघा. ओलसर आली तर दुसरी कोरडी घ्या आणि पुन्हा घाला. चार बेचक्यांना चार-पाच मिनिटं लागली तरी लागू देत. सगळं अंग कोरडं झालं तरी या फटींत पाणी टिकतं आणि पावसाळ्यात चिखल्या तिथेच होतात.

१५. बॅटरीच्या उजेडात बेचक्या बघा. कातडी भिजलेल्या कागदासारखी पांढरी, लिबलिबीत दिसली, खाज आली, तर ती चिखलीच.

१६. चिखलीवर डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम लावा. हळद, राख, तंबाखू भरू नका.

१७. भेगाळलेल्या टाचेला खोबरेल लावा. बेचक्यांत तेल नको.

१८. पोट फुगवत पाच वेळा खोल श्वास घ्या, सावकाश सोडा.

१९. बसूनच पंजा वर-खाली करा, १५ वेळा. दुखलं की थांबा.

२०. घोटा गोल फिरवा, दोन्ही दिशांनी, पाच-पाच वेळा.

२१. आडवे व्हा आणि पोटरीखाली दुमडलेली वाकळ घेऊन पाय छातीच्या पातळीवर आणा. गुडघा किंचित वाकलेला राहू दे. हृदयाचा आजार असेल तर ही आणि पुढची पायरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

२२. झोपताना खाटेच्या पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली एकेक वीट सरकवा.

२३. दाबाची पट्टी मिळाली असेल तर सकाळी अंथरुणातून उठण्याआधी बांधा. घरची चिंधी आवळून बांधू नका, आणि लघवी होण्याची गोळी शेजाऱ्यांकडून मागून घेऊ नका.

२४. शेतात निघताना गमबूट उलटा करून आत हात फिरवा. ओला लागला तर आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबा आणि आज दुसरी जोडी घाला.