भांड्यांचे लिक्विड घेताना फेस पाहू नका

आपल्या वस्तीत भांडी घासायला आज तीन गोष्टी चालतात. किराणा दुकानातली पाच-दहा रुपयांची वडी, कंपनीच्या बाटलीतले किंवा पाऊचमधले लिक्विड, आणि दारावर कॅनमधून विकायला येणारे सुटे लिक्विड. यांतले काय घ्यावे हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण ज्या भगिनी स्वतःच्या घरची भांडी घासून वर चार घरची घासतात, त्यांचे हात रोजचे कित्येक तास याच पाण्यात असतात. तेच पाणी पुढे आपल्याच दारासमोरच्या गटारातून जाते. म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

दुकानदाराला विचारले की तो एकच खात्री देतो, 'याला फेस भरपूर येतो.' फेस म्हणजे सफाई नव्हे. भांडे निघते ते लिक्विडमधल्या सर्फॅक्टंट नावाच्या द्रव्यामुळे. या द्रव्याच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. त्यामुळे तेलाचा थर भांड्यापासून सुटतो, त्याचे बारीक थेंब होतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. हे काम होत असताना हवा कोंडली गेली की फेस दिसतो, इतकेच. पुष्कळदा गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून फेस वाढवणारे द्रव्य वेगळे घातलेले असते. फेसाचा एक उपयोग मात्र आहे. टबातल्या पाण्यावरचा फेस बसला, तर आतले द्रव्य तेलाने संपवले असे समजावे आणि मग नवे थेंब टाकावेत. याहून जास्त फेस म्हणजे भांडी विसळायला जास्त पाणी. जिथे नळ तासभरच येतो तिथे तो हंडाभर पाण्याचा खर्च आहे, आणि तो बाटलीवरच्या किमतीत दिसत नाही.

दाटपणाचेही तसेच. पुष्कळ लिक्विडे साध्या मिठाने दाट केलेली असतात. ठरावीक प्रमाणात मीठ पडले की पातळ द्रावण मधासारखे घट्ट होते, त्याची ताकद मात्र तेवढीच राहते. म्हणून 'घट्ट आहे, पुरवठ्याला येईल' हा हिशेब चुकतो. हिरवा-पिवळा रंग, लिंबाचे चित्र आणि वास यांचा तेल निघण्याशी जवळजवळ काही संबंध नाही.

खरी तुलना घरी करता येते. दोन घमेल्यांत सारखेच पाणी घ्या. एकात एक लिक्विड एक चमचा, दुसऱ्यात दुसरे एक चमचा. सारख्या तेलकट ताटल्या एकामागून एक धूत जा. फेस पूर्ण बसेपर्यंत कुठल्या घमेल्यात किती ताटल्या निघाल्या ते मोजा. कंपन्यांच्या प्रयोगशाळांतही ताटल्या मोजण्याची अशीच पद्धत वापरतात. मग एका चमच्याची किंमत काढा आणि तिला ताटल्यांनी भागा. चाळीस रुपयांची बाटली वीस रुपयांच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडू शकते, आणि कधी जाहिरातीतले महाग लिक्विड साध्याच्याच बरोबरीचे निघते. शाळेत जाणाऱ्या मुलाला हा हिशेब करायला द्यावा. भांडी घासणे हे काम एकट्या आईचे का असावे, हा प्रश्नही त्या निमित्ताने घरात निघेल.

सुट्या लिक्विडविषयी

हे लिक्विड बहुधा 'ॲसिड स्लरी' पासून करतात. ती तपकिरी, दाट आणि कडक आम्लधर्मी असते. तिच्यात कॉस्टिक सोडा किंवा धुण्याचा सोडा घालून तिचे आम्ल मारावे लागते. हे प्रमाण नेमके जमले तर हाताला सोसेल असे द्रावण तयार होते. कॉस्टिक जास्त पडले तर ते कातडी खाते, कमी पडले तर आम्ल उरते. चांगल्या ठिकाणी प्रत्येक घाण्याचा पीएच मोजतात. जिथे पिंपात काठीने ढवळून अंदाजाने काम चालते, तिथे या आठवड्याचा कॅन सौम्य आणि पुढच्या आठवड्याचा जळजळीत असे होते. लहान उद्योगाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. काही महिला बचत गट उत्तम लिक्विड करतात. फक्त घेताना विचारावे, 'ताई, पीएच मोजता का? तारीख आणि नाव लिहिलेले लेबल आहे का?' उत्तर मिळाले नाही तर घेऊ नये.

घरच्या घरी पारखायला हळद पुरते. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावा आणि कागद वाळू द्या. त्यावर लिक्विडचा एक थेंब टाका. डाग विटकरी लाल झाला तर त्यात क्षार जास्त आहे. पिवळाच राहिला तर क्षार जास्त नाही. साबणाची वडी किंवा सोडा असलेली भांड्यांची वडी यांनी कागद लाल होणारच. वडी कोरडी धरून घासणीला लावतो म्हणून ते काही प्रमाणात चालते, पण हात सतत बुडवून ठेवायच्या लिक्विडमध्ये ते नको. हळदीला आम्ल कळत नाही. त्यासाठी लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून त्यांचे रंगीत पाणी घ्यावे. आम्लाने ते गडद गुलाबी होते, क्षाराने हिरवे. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा प्रयोग असतो. मात्र लिक्विडला मुळातच गडद रंग असेल तर जास्वंदीचा रंग नीट कळत नाही.

हात

सर्फॅक्टंट ताटातले तेल काढते तसे कातडीतले तेलही काढते. त्याला माणसाचे आणि कढईचे तेल वेगळे कळत नाही. कातडी कोरडी पडते, मग बोटांच्या पेरांवर भेगा, खाज आणि लालसर चट्टे येतात. सतत ओल राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत पांढरट चिखल्या होतात, नखांच्या कडा सुजून नखुरडे होते. भेगाळलेल्या हाताने मिरची वाटणे किंवा लिंबू चिरणे म्हणजे काय, हे ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. 'कामाचे हात आहेत, असेच असायचे' म्हणून हे सोडून देऊ नये. हा कामामुळे होणारा त्वचेचा आजार आहे आणि त्याला औषध आहे.

लिक्विड कधीही सरळ हातावर किंवा घासणीवर ओतू नये. वाटीभर पाण्यात चमचाभर मिसळून त्यात घासणी बुडवावी. एवढ्यानेही हाताला लागणारा मारा पुष्कळ कमी होतो आणि बाटली जास्त दिवस जाते. काम झाल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या मधली जागा कोरडी पुसून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. रबरी हातमोजे मिळाले तर उत्तम. आत पातळ सुती मोजे घातले तर घामाची ओल जिरते. आत पाणी शिरलेले मोजे मात्र न घातलेलेच बरे. ज्या घरी काम करतो तिथे मोजे आणि सौम्य लिक्विड मागण्यात लाज कसली? झाडू मागतो तसेच ते कामाचे सामान आहे.

मेडिकलमधून खाजेची ट्यूब परस्पर आणण्याची सवय घातक आहे. अशा पुष्कळ ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असते. दोन दिवस आराम पडतो, मग कातडी पातळ होते आणि बुरशी असेल तर ती पसरते. आठवडाभरात भेगा भरल्या नाहीत, पू किंवा सूज दिसली, तर सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी तर थांबूच नये.

आता सगळ्यांत काळजीची गोष्ट. सुटे लिक्विड कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीत ठेवले जाते. हिरवे-पिवळे लिक्विड त्या बाटलीत अगदी सरबतासारखे दिसते. संडास साफ करायचे ॲसिडही अशाच बाटल्यांत असते. तहानलेले मूल विचारत बसत नाही. कॉस्टिक किंवा ॲसिड पोटात गेले तर अन्ननलिका जळते आणि पुढे ती आकसल्याने मुलाला वर्षानुवर्षे गिळायला त्रास होऊ शकतो. म्हणून त्या बाटल्या आजच रिकाम्या करा. मूळ डबा वापरा किंवा प्यायच्या बाटलीसारखी न दिसणारी बाटली घेऊन तिच्यावर मोठ्या अक्षरात 'भांड्यांचे' असे लिहा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. मुलाने प्यायलेच तर ओकारी काढू नये. वर येताना तेच द्रव्य पुन्हा जाळते, आणि फेस श्वासनलिकेत जाऊ शकतो. मीठ-पाणी किंवा लिंबू देऊ नये. तोंड साध्या पाण्याने धुवावे, १०८ वर फोन करावा किंवा लगेच रुग्णालय गाठावे, आणि बाटली बरोबर न्यावी.

गटारापलीकडे

पन्नासच्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर डिटर्जंटच्या फेसाचे डोंगर तरंगू लागले. त्या वेळच्या सर्फॅक्टंटची साखळी फांद्या फुटलेली होती आणि जिवाणूंना ती तोडता येत नव्हती. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला. पुढे कारखान्यांनी सरळ साखळीचे द्रव्य आणले, जे जिवाणू खाऊ शकतात. आपल्याकडच्या ॲसिड स्लरीतही आज बहुधा तेच असते. म्हणून 'बायोडिग्रेडेबल' हा शब्द वाचून भारावून जाण्याचे कारण नाही. 'फॉस्फेट नाही' हाही तसाच दावा. फॉस्फेट हा मुख्यतः कपड्यांच्या पावडरीचा प्रश्न आहे. हाताने भांडी घासायच्या लिक्विडमध्ये ते सहसा नसतेच, मग 'नाही' म्हणायला काय जाते?

खरी अडचण पुढे आहे. सरळ साखळीचे हे द्रव्य जिवाणू तोडतात ते पाण्यात प्राणवायू असेल तर. तुंबलेल्या, काळ्या पडलेल्या गटारात प्राणवायू नसतो, तिथे ते तसेच पडून राहते. प्रक्रिया न होता नदी-खाडीत गेले तर माशांच्या कल्ल्यांना इजा करते. आळंदीला इंद्रायणीवर साचणाऱ्या पांढऱ्या फेसाच्या बातम्या आपण वाचतो. तिथे कारखान्यांचे आणि घरांचे, दोन्हींचे सांडपाणी येते. वस्तीचे गटार वाहते ठेवणे आणि त्यावर प्रक्रिया करणे हे नगरपालिकेचे काम आहे आणि ते तिच्याकडून मागून घेतलेच पाहिजे. महागडे 'इको' लिक्विड घेऊन त्याची भरपाई होत नाही.

आपल्या हातात आहे ते खरकटे. ताटातले तेल-रस्सा कागदाच्या तुकड्याने किंवा भाकरीच्या कोपऱ्याने पुसून घेतला, उष्टे ओल्या कचऱ्यात टाकले, तर लिक्विड बरेच कमी लागते आणि गटारही चोंदत नाही. मटणाचे पातेले गार पाण्यात घासत बसण्यापेक्षा त्यात भाताची गरम पेज किंवा उरलेले गरम पाणी ओतून थोडा वेळ ठेवावे. चरबी सुटते. करपलेल्या तळाला रात्रभर भिजवणे हे कुठल्याही लिक्विडपेक्षा भारी.

सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या मालासाठी 'इकोमार्क' आणला. त्याचे चिन्ह मातीचे मडके आहे. भांड्यांच्या लिक्विडवर ते क्वचितच दिसते. दिसले तर त्याला 'नॅचरल', 'ग्रीन', 'हर्बल' अशा स्वतःच छापून घेतलेल्या शब्दांपेक्षा जास्त वजन द्यावे. पर्यावरणाच्या नावाने पोकळ दावे करण्याला २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आळा घातला आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

जुन्या उपायांविषयी थोडे. लाकडाची राख भांडी चांगली काढते, कारण ती क्षारयुक्त असते. त्याच कारणाने ती हात कोरडे करते आणि ॲल्युमिनियम-हिंडालियम काळवंडवते. दगडी कोळशाची किंवा कचरा-प्लास्टिक जाळलेली राख भांड्याला लावूच नये. रिठे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घेतलेले पाणी चहाचे कप, दुधाचे पातेले अशा हलक्या भांड्यांना पुरते, तर्रीच्या कढईला पुरत नाही. ते तीन-चार दिवसांत आंबते, म्हणून थोडेच करावे. डोळ्यात गेले तर झोंबते. पितळ-तांब्याला चिंच किंवा लिंबू उत्तम. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालण्याची मात्र फॅशन आहे. ती दोन्ही एकमेकांना मारतात, फसफस दिसते आणि हाती उरते जवळजवळ खारट पाणी. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड तर कधीच एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

घासणी विसरू नये. ओला स्पंज ही जंतूंची वसाहत असते. नारळाचा काथ्या घासायलाही बरा आणि उन्हात चटकन वाळतो. तारेच्या घासणीचे तुकडे अन्नात येतात, म्हणून ती झिजू लागली की टाकून द्यावी.

पाच-सहा घरांनी किंवा बचत गटाने मिळून लेबल असलेला पाच लिटरचा कॅन घ्यावा. लहान पाऊचपेक्षा तो स्वस्त पडतो आणि प्लास्टिकचा कचराही कमी होतो. वाटण्याआधी हळदीच्या कागदावर एक थेंब टाकून पाहावा, आणि ज्याच्या त्याच्या बाटलीवर नाव लिहूनच ती भरावी.