क्रियापदाचा धनी कोण?

इंग्रजी क्रियापद कर्त्याच्या पुरुषाप्रमाणें व वचनाप्रमाणें चालतें, हा नियम आमचे विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु निबंध लिहावयास बसले म्हणजे तोच नियम मोडतात. याचें कारण केवळ निष्काळजीपणा नव्हे. मातृभाषेची अंगवळणी पडलेली रीत नकळत परभाषेंत उतरते, हें खरें कारण होय.

प्रथम आदराचें उदाहरण घेऊं. 'माझे वडील शेतकरी आहेत' या वाक्यांत वडील एकच, पण वचन आदरार्थी अनेकवचन. म्हणून विद्यार्थी 'माय फादर आर अ फार्मर' असें लिहून जातो. इंग्रजी क्रियापद असा आदर जाणत नाहीं. 'माय फादर इज' असें लिहिल्यानें वडिलांचा मान रतिभरही कमी होत नाहीं.

दुसरी गोष्ट कर्माची. 'मुलानें आंबा खाल्ला', 'मुलानें पोळी खाल्ली' येथें मराठी क्रियापद कर्माकडे पाहतें. हा कर्मणी प्रयोग होय. इंग्रजी कर्तरी वाक्यांत क्रियापद कर्माकडे ढुंकूनही पाहत नाहीं. त्याचा धनी एकच, तो कर्ता.

आतां हा धनी ओळखावा कसा? 'आंब्यांची टोपली जड आहे' असें आपण म्हणतों, तेव्हां 'आंब्यांची' हें विशेषण अगोदर येतें व टोपली क्रियापदाच्या बाजूला राहते. इंग्रजींत क्रम उलटतो : 'द बास्केट ऑफ मँगोज इज हेवी'. येथें क्रियापदाशेजारीं आंबे येऊन बसतात, आणि फसलेला विद्यार्थी 'आर' लिहितो. शेजारी तो धनी नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

'स्'चीही अशीच गंमत आहे. नामाला लागलेला 'स्' बहुधा अनेकवचन दाखवितो. वर्तमानकाळीं क्रियापदाला लागलेला 'स्' तृतीयपुरुषी एकवचन दाखवितो. म्हणून 'द बॉय रन्स', पण 'द बॉइज रन'.

एवढ्याशा चुकीनें काय बिघडतें, असें कोणी विचारील. इंग्रजींत एका मेंढराला 'शीप' म्हणतात व शंभर मेंढरांनाही 'शीप'च. 'द शीप इज लॉस्ट' म्हटलें तर एक मेंढरूं हरवलें. 'द शीप आर लॉस्ट' म्हटलें तर अनेक हरवलीं. मेंढपाळाचें केवढें नुकसान झालें, हें येथें एकटें क्रियापदच सांगतें.

पालकांस एक विनंती. आपणांस इंग्रजी येत नसली तरी या कामीं आपण मुलांस साह्य करूं शकतां. लिहिलेल्या वाक्याचा अर्थ मुलाकडून मराठींत वदवून घ्यावा आणि विचारावें, "बाळ, जड काय आहे? आंबे कीं टोपली?" मूल 'टोपली' म्हणालें, कीं पुढें विचारावें, "एक कीं अनेक?" हे दोन प्रश्न रोज पांच वाक्यांना विचारले, तर ते प्रश्न हळूहळू मूल स्वतःच स्वतःला विचारूं लागेल. व्याकरणाचें खरें शिक्षण तेथूनच सुरू होतें.